शनिवारचे अडीच अंश

माझ्या नावावर एक शेरा आहे. इंग्लंडात लोकांच्या घरांतले गॅसचे बॉयलर काढून तिथे हीट पंप बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या काळात भांडणं भरपूर झाली. बहुतेक मीच सुरू केली आणि बहुतेक मीच जिंकली. पण माझ्या कामाबद्दल कुणी लेखी तक्रार केली नव्हती. मग प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा एक तपासनीस आला आणि माझ्या फाइलीत एक वाक्य टाकून गेला : ‘घरात दुसरा उष्णतास्रोत आहे, तो जाहीर केलेला नाही.’

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्या धंद्यात याचा अर्थ असा, की या माणसाचा पंप घर गरम करू शकत नाही, म्हणून याने कुठेतरी हीटर लपवून ठेवला आहे. गोष्ट इथल्या आमच्या मराठी मंडळापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. गणपतीच्या आरतीनंतर एका डॉक्टरांनी चारचौघांत विचारलं, “काय हो, तुमचा पंप शेवटी शेकोटीवरच चालतो म्हणे?” मी हातातला मोदक ताटात ठेवला आणि बाहेर पडलो. त्या मंडळात पुन्हा गेलेलो नाही.

तेव्हा आता एकदा सगळं लिहितो.

मी रत्नागिरीचा. शिक्षण यथातथाच. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात अठराव्या वर्षी लागलो. पाण्यातली उष्णता काढली की पाण्याचा बर्फ होतो. पण काढलेली उष्णता कुठे जाते? नाहीशी होत नाही. कंप्रेसरमधून निघणारी नळी एवढी तापायची, की पावसाळ्यात आम्ही तिच्यावर ओले पंचे टाकायचो. ज्या कारखान्यात बर्फ बनतो, त्याच कारखान्यात पंचे वाळतात. एवढं ज्याला कळलं, त्याला हीट पंप कळला. बाहेरच्या थंड हवेतही उष्णता असते. यंत्र ती गोळा करून घरात आणतं. फ्रिजच्या पाठीला हात लावून बघा, दुसरं काही नाही.

पुढे बोटीवर शीतगृह सांभाळलं, मग इंग्लंडात आलो, लूटनला स्थिरावलो, गॅसची कामं शिकलो. पंप आले तेव्हा इथले जुने फिटर नाकं मुरडत होते. मी म्हटलं, हे तर आपलं रत्नागिरीचंच यंत्र, फक्त उलटं धरलेलं.

लोक पहिला प्रश्न विचारतात : जुन्या घरात हा चालतो का? चालतो. पण घराशी घासाघीस करावी लागते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या इथल्या घरांच्या भिंती भरीव विटांच्या असतात. मधे पोकळी नाही, अस्तर नाही. फळ्यांच्या जमिनीखालून वारा येतो, भिंतीतल्या चुलाण्यांच्या, म्हणजे फायरप्लेसच्या, धुराड्यांतून ऊब निघून जाते. गॅसचा बॉयलर तापट माणसासारखा. तासभर पेटतो, घर भाजून काढतो, मग गप्प. पंप संथ. त्याचं पाणी कोमट, म्हणून रेडिएटर मोठे लागतात, फटी बुजवाव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे तो बंद करायचा नाही. दिवसभर हळूहळू चालू द्यायचा. बर्मिंगहॅमचे एक गृहस्थ घराबाहेर पडताना पंप बंद करायचे आणि परतल्यावर मला फोन करून ओरडायचे. तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो. तेव्हापासून पंप चालू आहे आणि गृहस्थ सुखी आहेत.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक घरात करतो. खोलीखोलीत तापमानाचा सेन्सर लावतो, त्याचे आकडे माझ्या फोनवर येतात. सेन्सर लावण्यापूर्वी प्रत्येक सेन्सर वितळत्या बर्फात बुडवून बघतो. शून्य दाखवलं तरच भिंतीवर. बर्फाने मला कधी फसवलं नाही.

शेऱ्याचं घर उत्तर लंडनमधलं. एका रांगेत भिंतीला भिंत लावून बांधलेली विटांची घरं, त्यातलं हे शेवटून दुसरं. घर एस्तेरमावशींचं. मूळच्या रेवदंड्याच्या बाजूच्या, वाढलेल्या मुंबईत, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. मला कामाला बोलावलं त्यांच्या मुलीने. शेरन इथेच जन्मलेली, नॉटिंगहॅमच्या एका इस्पितळात नोकरीला. तिला सवड शनिवारी, म्हणून पाहणीसाठी मी शनिवारी गेलो.

दार मावशींनी उघडलं. मला आपादमस्तक न्याहाळलं.

“तूच का तो बर्फवाला? शेरनने सांगितलं.”

“आता गरमवाला आहे, मावशी.”

“ते मी बघीन आणि मग म्हणीन. ये. आणि ऐक, आज शब्बाथ आहे. गावाकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. आमचा घाणा आज बंद. तुला काय बघायचं ते डोळ्यांनी बघ. तुझी यंत्रं बाहेर काढायची नाहीत.”

बैठकीच्या खोलीत गेलो. जुनं चुलाणं, भोवती हिरव्या टाइल्स, आत गॅसची शेगडी. शेगडी पेटलेली होती आणि खोली छान उबदार होती. मला थोडीफार माहिती होती, की शब्बाथला ही मंडळी विस्तव पेटवत नाहीत.

“मग ही कुणी पेटवली?”

“आर्थरने. शेजारचा. बस चालवायचा. दर शनिवारी साडेआठला येतो, काडी ओढतो, ‘कोल्ड वन, एस्थर’ म्हणतो आणि बसतो जरा वेळ. मी सांगत नाही हं. सांगायचं नसतं, ते आपणच पेटवल्यासारखं होतं. त्याचं त्याला समजतं. तू थोडा आधी आला असतास तर भेटला असता.”

बोलताना त्यांनी दोन्ही हात शेगडीपुढे धरले होते. बोटं सांध्यांत वाकलेली, मुळांसारखी.

एवढ्यात शेरन नॉटिंगहॅमहून पोचली आणि मला फुटपाथवर घेऊन आली. “अंकल, मम्मीने सांगितला ना आर्थरचा? आर्थर इज डेड. मागच्या विंटरमध्ये गेला. त्याचा घर रिकामा आहे, बघा.” शेजारच्या खिडकीत विक्रीची पाटी होती. “शी लाइट्स इट हरसेल्फ आणि विसरते. एक दिवस गॅस ऑन करेल आणि काडी लावायची विसरेल. मी तिला सांगितलं आहे, एक तर गॅस घरातून जाणार, नाहीतर ती जाणार. माझ्या घराजवळ एक चांगली केअर होम आहे.”

म्हणजे प्रश्न एवढाच होता. विस्तवाशिवाय हे घर उबदार झालं, तर म्हातारी तिच्या घरात राहणार. नाही झालं, तर नाही.

सोमवारी पुन्हा गेलो, यंत्रं घेऊन, आणि आमची घासाघीस सुरू झाली. मी पुष्कळ ठिकाणी सौदे केलेत, मिरकरवाड्याच्या कोळणींशीसुद्धा. पण मावशींसारखं माणूस पाहिलं नाही. मोठ्या रेडिएटरला भिंत द्यायला तयार नाहीत. बाहेरचा पंप ठेवायला पुदिन्याची जागा द्यायला तयार नाहीत. आणि चुलाण्याला तर हातच लावू देईनात.

“मावशी, ते धुराडं म्हणजे घराला पडलेलं भोक आहे. मी आत आणलेली ऊब तिथून वर जाणार.”

“मग भोक बुजव. टाइल्स राहतील, मांडणी राहील. शेगडी ने.”

“पुदिना?”

“पुदिना कुंडीत लावून दे. तुझ्या हाताने.”

“लावतो.”

“आणि मी या घरातून जाणार ती चौघांच्या खांद्यावर. हे सौद्यात धर. गॅस मी सोडते, घर तू सांभाळायचंस.”

मी हात पुढे केला. त्यांनी आपला वाकडा हात माझ्या हातात दिला. मी आयुष्यात एकदा ठरलेला सौदा मोडलेला नाही, असं तोवर छातीठोक सांगू शकत होतो.

शेगडी काढताना एक गोष्ट लक्षात आली. तिची चावी गंजून इतकी घट्ट झाली होती, की मला दोन्ही हात लावावे लागले. मी मजबूत माणूस आहे. मी चावीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरात पुदिन्याची कुंडी निरखत बसलेल्या मावशींच्या बोटांकडे पाहिलं. शेरनला सांगावंसं वाटलं. पण मनात म्हटलं, आपलं काम नळ्यांचं, आणि शेगडी गाडीत टाकली.

धुराडं खालून बुजवलं, चुलाण्याच्या तोंडाला फळी लावून गिलावा केला. जमिनीच्या फळ्यांखाली लोकर भरली. गॅसचा मीटर निघाला, नळी रस्त्यापाशीच बंद झाली. पंप सुरू झाला त्या गुरुवारी मावशींनी मलिदा केला, गोड पोह्यांचा, त्यांच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं, नाव घेऊन. “नवस होता,” एवढंच म्हणाल्या. मी दोनदा मागून घेतला.

थंडी आली. घर वीस अंशांवर बसलं आणि हललं नाही. बाहेर बर्फ पडो की धुकं, वीस. मी फोनवर ती सरळ रेघ बघत बसायचो, जसे लोक नातवंडांचे फोटो बघतात.

मग शनिवार दिसला.

साडेआठला बैठकीच्या खोलीची रेघ वर जायला लागायची. साडेनऊपर्यंत साडेबावीस. बारापर्यंत तशीच, मग हळूहळू खाली. इतर खोल्यांत काही नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा साडेआठ.

मला आधी राग आला. वाटलं, म्हातारीने विजेचा हीटर आणलाय. विजेच्या मीटरचे आकडे मागवले. शनिवारी सकाळी वीज उलट कमी जात होती, कारण खोली आपोआप तापली म्हणून पंप मंदावत होता. ऊन म्हणावं तर ती खिडकी उत्तरेची. पाहुणे म्हणावेत, तर माणूस बसल्या जागी शंभर वॅटच्या दिव्याएवढी ऊब देतो. तासाभरात त्या खोलीला अडीच अंश चढवायला आठ-दहा माणसं दाटीने बसवावी लागतील. सेन्सर काढून आणला, बर्फात बुडवला. शून्य. नवा लावला. शनिवारी साडेबावीस.

मग एका शनिवारी मी स्वतः गेलो. सव्वानऊ झाले असतील. आधी शेजारच्या घरापाशी थांबलो, कारण दोन्ही घरांची चुलाणी एकाच भिंतीला पाठ लावून असतात. पलीकडे कुणी जाळ केला तर भिंत अलीकडेही तापते. पण दाराला कुलूप होतं. पत्रं टाकायच्या फटीतून हात घातला. आतली हवा विहिरीतल्यासारखी गार होती. जमिनीवर पत्रांचा ढीग साचलेला, त्यावर कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

मावशींनी दार उघडलं. “शब्बाथ शालोम, बर्फवाल्या. ये, पण यंत्र खिशात ठेव.”

खोलीत शिरताच चेहऱ्याला ऊब लागली. रेडिएटरला हात लावला, तो जवळजवळ गार होता. दोन खुर्च्या चुलाण्यासमोर ओढलेल्या होत्या, दोन कप होते. एक रिकामा, एक भरलेला. भरलेल्यावर साय धरली होती.

“थोडा चुकलास बघ. आत्ताच उठला.”

मी चुलाण्यापाशी वाकलो. माझ्या हाताने केलेला गिलावा, कुठे चीर नाही. हिरव्या टाइलवर तळवा ठेवला. टाइल गरम होती. चटका बसण्याइतकी नाही, पण माणूस आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीसारखीही नाही. त्याहून जास्त. जाळासमोरची टाइल असते तशी. आणि विझलेल्या काडीचा वास येत होता. मावशी मेणबत्त्या लावतात त्या शुक्रवारी, दिवस मावळायच्या आधी. त्याला पंधरा-सोळा तास उलटून गेले होते.

त्यांची पाठ वळली, तेव्हा मी खिशातलं तापमान मोजायचं यंत्र काढून टाइलला लावलं. एकेचाळीस अंश. कबूल केलेलं मोडून केलेलं ते मोजमाप होतं, आणि ते मी आजवर कुणाला दाखवलं नाही.

“मोजलंस ना?” त्या न वळताच म्हणाल्या.

“नाही, मावशी.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्या ‘बरं’वर मी लूटनपर्यंत गाडी हळू चालवली.

वसंतात तपासनीस आला. कोट-टाय, टॅब्लेट, वय माझ्या निम्मं. घर पाहिलं, काम पाहिलं, स्तुतीसुद्धा केली. मग आकडे उघडले आणि त्याचं बोट शनिवारांवर थांबलं.

“दुसरा हीटर कुठे आहे?”

“नाही.”

“मग हे काय?”

“माहीत नाही.”

“सेन्सर खराब आहे असं लिहू का? तुम्ही बदला, प्रकरण मिटेल.”

इथे गप्प राहायला हवं होतं. नाहीतर एक ‘हो’ पुरला असता. पण त्याने सेन्सरचं नाव काढलं, आणि मला मिरकरवाड्यापासूनचं सगळं आठवलं. मला कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही, मी जे काही आहे ते आकडा चुकत नाही म्हणून आहे. मी उसळलो. म्हटलं, “माझा सेन्सर बर्फात तपासलेला आहे. तुझ्या टायपेक्षा सरळ आहे.” आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. त्याने शांतपणे ते वाक्य लिहिलं आणि कागद घरी पाठवला. करारावर सही शेरनची होती, म्हणून तिच्या घरी.

तिचा फोन आला. रडत होती का, कळलं नाही.

“अंकल, एक गोष्ट खरी सांगा. तो माणूस म्हणतो घरात काहीतरी जळतं. मम्मी म्हणते आर्थर येतो. इफ इट्स द सेन्सर, आय विल लीव्ह हर अलोन. तुम्ही बोला फक्त. सेन्सर चुकला आहे का?”

मला तो क्षण नीट आठवतो. मी गाडीत बसलो होतो, हातात सँडविच होतं. म्हातारीचं घर माझ्या एका खोट्यावर उभं होतं, हे मला समजत होतं. शेरनसुद्धा ते खोटं मागत होती.

“माझा सेन्सर चुकत नाही,” मी म्हणालो.

“ओके,” ती म्हणाली. “थँक यू, अंकल.”

महिन्याभरात मावशींना नॉटिंगहॅमला नेलं. निघायच्या दिवशी मी गेलो होतो. पंप किमान तापमानावर ठेवायचा होता, हे निमित्त. त्या कोट घालून, पुदिन्याची कुंडी मांडीवर घेऊन शेरनच्या गाडीत बसल्या होत्या. मी काचेपाशी वाकलो.

“तू सौदा मोडलास, बर्फवाल्या,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. भाव पडला असं सांगावं, तशा.

त्या दुपारी मी अपिलाचा अर्ज भरला. मला वाटत होतं, तो शेरा पुसला गेला की सगळं पूर्ववत होईल. निदान मला झोप लागेल.

घर रिकामं झालं. पंप बारा अंशांवर. सेन्सर अजून माझ्या फोनला जोडलेले होते. पहिल्या शनिवारी मी मुद्दाम पाहिलं. साडेआठला रेघ वर निघाली. बारावरून साडेचौदा. रिकाम्या घरात, कुलूप लावलेल्या खोलीत, कुणी वाट पाहणारं नसताना. दुसऱ्या शनिवारी तसंच. तिसऱ्या शनिवारी थोडं कमी, आणि नऊच्या आतच खाली.

चौथ्या शनिवारी साडेआठ वाजले, पावणेनऊ वाजले. रेघ सरळ राहिली. बारा, बारा, बारा. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा होतो. बायको म्हणाली, “काय झालं? कोण गेलं?” मी गाडीची चावी घेतली.

नॉटिंगहॅमचं ते केअर होम नवीन बांधणीचं. भिंतींना जाड अस्तर, खिडक्यांना तिहेरी काच, कोणत्याही खोलीत चुलाणं नाही, धुराडं नाही. असल्या इमारतीला मेणबत्तीनेही ऊब यावी. मावशींची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. दार अर्धवट उघडं. त्यांनी खुर्ची खिडकीकडे पाठ करून कोऱ्या भिंतीकडे वळवली होती. शेजारी दुसरी खुर्ची होती. वाकडी बोटं भिंतीपुढे पसरलेली.

“दार लाव, बर्फवाल्या,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “ऊब जाते. बिचाऱ्याला सापडायला तीन आठवडे लागले.”

मी दार लावलं. दुसऱ्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, “बसू?”

“बस. तो गेलाय आत्ताच.”

मी बसलो. खिशात यंत्र होतं. त्याचा कोपरा मांडीला टोचत होता. समोर पांढरी भिंत, तिच्यावर एक विजेचं बटण आणि आग लागल्यास काय करावं याची पाटी. मी मावशींसारखे हात पुढे केले.

“काय, किती अंश आहेत?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

“आज शनिवार आहे, मावशी,” मी म्हणालो. “यंत्र काढायचं नाही.”

त्या हसल्या. आम्ही बारापर्यंत बसलो.

त्या तपासनिसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. एवढ्या सहज खोटं पुढे करणारा माणूस मला आवडत नाही, आणि ते मी घेतलं नाही म्हणून मी स्वतःलाही फारसा आवडत नाही. पण सोमवारी मी अपील मागे घेतलं. त्यांच्या फॉर्मवर कारणासाठी एक चौकट असते. मी त्यात लिहिलं : शेरा बरोबर आहे.